विजेचं भांडं आणि पोळ्यांचा कॅसरोल

शुद्धलेखन माझं चौथीत सुटलं, अक्षर त्याच्याही आधी बिघडलं. हे वाचणारं कुणी नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे तो माझा पहिलाच हिवाळा. घरात सगळे मला जपायचे, म्हणजे काहीच करू द्यायचे नाहीत. शेजारीण चार दिवस गावाला निघाली, तेव्हा सुनेने तिच्या कुत्र्याचं खाणंपिणं माझ्यावर सोपवलं. एवढं तरी नीट करून दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलं.

कुत्रा वासराएवढा, मागच्या अंगणात राहणारा. पाणी गोठू नये म्हणून त्याचं भांडं विजेवर चालायचं. पण तिकडे गावी आमच्याकडे बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड असे. बटण बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे मी पोरांना धपाटे घालून शिकवलेलं. हा मुका जीव तर जीभच घालणार! मी प्लग काढून टाकला.

थोड्या वेळाने बघते तर पाण्याचा दगड. कुत्रा तो चाटायचा आणि माझ्याकडे बघायचा. मग मी सुनेचा पोळ्यांचा कॅसरोल उचलला. पोळ्या गरम राहतात, तर पाणी का नाही राहणार? कोमट पाणी भरून बाहेर ठेवला. खरंच गोठलं नाही. कुत्र्याने पाणी संपवलं, मग कॅसरोल चावायला घेतला.

संध्याकाळी सून पोळ्यांना उभी राहिली.

"आई, कॅसरोल कुठाय?"

मी खिडकीकडे बोट केलं.

"कुत्र्याला दिलात? माझ्या माहेरचा?"

"अगं, शॉक बसला असता त्याला."

"कॅसरोलला?"

मुलगा हसून हसून खालीच बसला. "आई, ते भांडं सेफ असतं गं."

"मग तू घाल बोट."

तो बाहेर गेला, प्लग लावला, बर्फ सुटल्यावर पाण्यात बोट बुडवलं. मी डोळे गच्च मिटले. उघडले तर शेजारी कुत्राही पाणी पीत होता.

सुनेने इंडियन दुकानातून नवा कॅसरोल आणला. पैसे नको म्हणाली, पण गाल फुगवून. असलं 'नको' घेऊन एका घरात राहता येत नाही. भारतात माझ्या बहिणीशी बोलायला मुलगा मला दर आठवड्याला फोनकार्ड आणून देई. म्हटलं, कार्ड नको, पैसेच दे. ते दर आठवड्याला सुनेला देत गेले. पैसे त्याच घरातले, पण माझ्या गप्पांमधून वाचवलेले. तिकडे बहिणीला वाटलं, मी रुसले.

शेवटचे तीन डॉलर सुनेच्या हातावर ठेवले. तिने चक्क मोजून घेतले.

"फिटले हं आई, सगळे. आता मावशींना फोन लावा."