हातापुरती जागा

देवळीच्या कब्रस्तानात मी एकदाच खोदाले गेलतो. तिथला नेहमीचा माणूस तापानं पडला, म्हणून मले बोलावलं. मले ना अक्षर येत, ना अक्कल. तोंड तेवढं चालते.

एक म्हातारा काठावर उकिडवा बसला होता. मधूनमधून हात लांब करून खड्डा मोजे न् म्हणे, "अजून रुंद कर, बेटा."

मी म्हटलं, "चाचा, आत पलंग टाकाचा हाय का?"

तो रागावला नाई. म्हणे, "माह्या पोरीची कबर हाय. मुकी होती ते. कयामतीच्या दिवशी सारे उठतीन, अल्ला हिसाब मांगन. तिले हातानं बोला लागते. जागा पायजे."

मी शहाणा बोललोच, "अल्लाले सारे इशारे समजत असतीन, चाचा."

त्यानं दोन्ही हात वर करून पोरीसारखे हलवले. "आजारात रोज त्यालेच असे हात करून राह्यली होती. मी बाजूले बसून पाहो. त्याले समजलं असतं तं तू इथं खोदत असता का?"

मंग मी रुंद करत गेलो. पण काळी माती ते, बाजू ढासळाले लागली. शेवटी म्हणाच लागलं, "चाचा, आता जास्त केलं तं सारी आत येईन."

त्यानं ढासळत्या जागेवर पंजा दाबून धरला. माती बोटांमधून गळतच राह्यली.

"राहू दे मंग," म्हणे. "तिचे हात लहानच होते."