पहिल्या पानावरचा चेहरा

दवाखान्याचा जिना चढतानाच वेबसाइटवालीचं डोकं तापलेलं होतं. बेकरीपासून कराटेच्या क्लासपर्यंत सगळ्यांच्या वेबसाइट तिने बनवल्या होत्या, पण दात सरळ करणाऱ्या या डॉक्टरांनी तिला पार पिळून काढलं होतं. दोन महिने तेच दळण. मान वाकडी, आवाजात पाक: "मॅडम, छान आहे हंऽ, पण जरा... उठाव नाही येत."

आज उठावासाठी त्यांनीच एक फोटो पाठवला होता. चौदा वर्षांची मुलगी, प्लॅस्टिकच्या कडीने ओठ कानांपर्यंत फाकवलेले, दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. उपचाराआधीच्या प्रत्येक फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी असायची. या फोटोत नव्हती. आणि मुलगी होती काउंटरवरच्या काकूंची.

"पट्टी राहिलीय, डॉक्टर."

"राहिली नाही, मॅडम, मीच काढली. डोळे दिसले की लोकांचा विश्वास बसतो."

"तिला विचारलंत?"

"घरचीच पोर! विचारायचं काय त्यात? काय काकू, हरकत नाही ना?" खिडकी उघडू का, इतक्या सहज विचारलं त्यांनी.

काकू अपॉइंटमेंटच्या वहीत घुसल्या. "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर." मग वेबसाइटवालीकडे वळून पुटपुटल्या, "फोटो लागणार, हे सकाळी सांगितलं तिला. डबा न घेताच शाळेत गेली. पोरं जगू देणार नाहीत म्हणाली."

वेबसाइटवालीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. आवाज मात्र तिने लोण्यासारखा ठेवला. "मग डॉक्टर, तुमचाच फोटो घेऊ या की! काय उठाव येईल!"

डॉक्टर खुलले. केसांवरून हात फिरवून खुर्चीत बसले.

"काकू, ती कडी द्या हो."

काकूंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग वीस वर्षांच्या सवयीच्या हाताने, "आ करा," म्हणत कडी बसवूनच टाकली. डॉक्टरांचे खालचे दात रांगेत घुसखोरी केल्यासारखे उभे होते. लाळेची तार टायवर उतरली.

"आं... आआं!"

"डोळे उघडे, डॉक्टर. विश्वास बसायला हवा ना?" खटॅक! तिने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "टाकू पहिल्या पानावर? घरचेच आहात, विचारायचं काय!"

डॉक्टरांनी कडी उपटली. "हा काय चावटपणा आहे! डिलीट करा आधी!"

"करते. आधी तिचा."

"बरं, लावा पट्टी तिला."

"पट्टी नको. फोटोच नको." हे काकू बोलल्या.

जणू खुर्चीच बोलली, तसे डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी नजर खाली घेतली नाही.

"काढा," डॉक्टर टाय पुसत म्हणाले.

वेबसाइटवालीने मुलीचा फोटो लॅपटॉपमधून उडवला, डॉक्टरांच्या मोबाइलमधूनही त्यांच्याच अंगठ्याने उडवायला लावला, आणि मग आपल्या मोबाइलमधला त्यांचा. काकूंनी कडी धुऊन ट्रेमध्ये आपटली आणि बाहेर बसलेल्या पेशंटला अशी हाक मारली, की तो बिचारा तोंड उघडूनच आत आला.