बिरूच्या डोक्यावरचं आभाळ

बाळांनो, बिरूकाका सरहद्दीवर कामी आला हे तुम्हाला फोनवर कसंबसं सांगितलं होतं. बाकीचं आज सवडीने लिहिते आहे. त्या सकाळी त्याची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ गिरजा, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. बातमी ऐकल्यावरही तिचे हात बराच वेळ शेंगाच सोलत राहिले...

आपलं घराणं मेंढरांमागे फिरणाऱ्यांचं. पिंपळगाव रेणुकाईला शेती घेऊन स्थिरावलो, तरी उन्हाळ्यात सगळे उघड्यावरच निजतात. बिरू मात्र मिसरूड फुटलं तसा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा अंघोळ करूनही त्याच्या पापण्यांच्या कडा काळ्याच होत्या. "काजळ कुणी घातलं रे?" गिरजाने विचारलं. "खाणीनं, माय. दिष्ट लागू नये म्हनून." सगळे हसले, ती हसली नाही. "वर आभाळ न्हाई तिथं माझं लेकरू न्हाई राहनार," म्हणाली आणि अन्नपाणी सोडून बसली. शेवटी त्याने खाण सोडली आणि तो सैन्यात भरती झाला. तिथेही खाणीतला गडी म्हणून मोर्चे खोदायला त्यालाच आधी बोलवत. "इथंबी खोदूनच राह्यलो, पर वर उघडं हाय," असं तो फोनवर तिला सांगायचा.

लढाई सुरू झाली आणि फोन थांबले... मग तिरंग्यातली पेटी आली. सोबत त्याच्या तुकडीतला शहागडचा जवान होता. गिरजाने त्याला एवढंच विचारलं, "खाली होता का वर?"

"वर, मावशी. गोळे पडाया लागले तसं आमाला मोर्चात ढकललं. जखमी गडी आणाया तो वरच राह्यला."

ती नुसती मान हलवत राहिली.

आपल्यात पुरतात. बांधाजवळ खड्डा तयार होता. तो दिसताच ती उठली. "मातीत घालायचं न्हाई."

"गिरजे, आपल्यात जाळत न्हाईत," तुमचे आजोबा हळूच म्हणाले.

"भाऊजी, मातीखालनं वर आणला मी त्याला. परत खाली न्हाई जाऊ द्यायची."

भावकीतल्या पोरांनी खड्डा बुजवला आणि माळावर चिता रचली.

तिथे तिने दगडही ठेवू दिलेला नाही. दिवस मावळला की घोंगडं घेऊन जाते, अंथरते, आडवी होते. परवा मीही गेले. वारा पडला होता, माळ निजल्यासारखा... एकेक चांदणी उमटत होती. "या की, अक्का," म्हणत ती कडेला सरकली. मी दुसऱ्या कडेला टेकले. घोंगडं लहानसं, तरी आमच्या दोघींच्या मध्ये तिने एका माणसाची जागा मोकळी ठेवली होती.