फोनला पटणारी पायरी

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढणाऱ्याला एक मुलगी होती. तिचं खरं नाव तिच्या आईला ठाऊक. आम्ही तिला विंगराणी म्हणायचो. रंगमंचाच्या कडेला नटनट्या आपल्या प्रवेशाची वाट बघत उभ्या राहतात, ती अंधारी पट्टी म्हणजे विंग. तिथे एका पत्र्याच्या पेटीवर ही पोर पाय हलवत बसलेली असायची. सगळं जग नाटक समोरून बघतं, हिने माझं एकूण एक नाटक बाजूने बघितलं. लोकांना सिंहासनावरची महाराणी दिसायची, हिला सिंहासनामागचा टेकू दिसायचा. एकदा मरणाचा प्रवेश करून, टाळ्या घेऊन मी आत आले, तर ही बया म्हणते, "मावशी, मेल्यावर तू पाय खाजवलास." सगळी मंडळी हसून लोळली. काय करणार, खरंच खाजवला होता.

पुढे कंपनी मोडली. जो तो वाट फुटेल तिकडे गेला. पडदेवाला वारला. त्याच्या मुलाने माझ्या घराला लागून असलेल्या गल्लीत इस्त्रीचं दुकान टाकलं. विंगराणीने कापडाच्या दुकानात काम केलं, एका दवाखान्यात नंबर पुकारले, लग्न केलं, ते निभावलं नाही म्हणून आईकडे परत आली. मग चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला नगरपालिकेत कंत्राटावर काम मिळालं, मोबाइलवरच्या नकाशात नोंदी करायचं. पहिल्याच दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून माझ्याकडे आली. मला म्हणाली, "ऊठ मावशी, तुला मी दाखवते." मी म्हटलं, तू समोरच उभी आहेस की. तर तिने फोन पुढे केला. नकाशावर एक निळा ठिपका लुकलुकत होता.

"ही मी."

"अगं बाई! एवढीशी?"

"चालले की चालतो बघ." आणि माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती चालून दाखवायला लागली. ठिपका काही हलेना. "छपराखाली जरा गोंधळतो," ती म्हणाली.

आमचं गाव टेकडीला टेकून बसलेलं आहे. वरची माती खाली येऊ नये म्हणून जागोजाग उंच दगडी भिंती बांधलेल्या आहेत. त्या भिंतींची वरचेवर पाहणी करायची, हे तिचं काम. नकाशावर प्रत्येक भिंतीचा एक ठिपका. भिंतीजवळ जायचं, आपण तिथेच आहोत हे ॲपने ओळखलं की मगच नोंद उघडते. एक फोटो काढायचा आणि तीनपैकी एक निवडायचं: 'जैसे थे', 'बदल' किंवा 'धोका'. त्याप्रमाणे ठिपका हिरवा, पिवळा नाही तर लाल होतो. लांब उभं राहून कुणी खोट्या नोंदी करू नयेत, म्हणून प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ आखलेलं. त्या वर्तुळाच्या बाहेर असलात की ॲप हटून बसतं: 'तुम्ही ठिकाणापासून दूर आहात.'

आता आमची गल्ली. तिच्या एका अंगाला अशीच एक काळी भिंत, दुमजली घराएवढी उंच. भिंतीच्या डोक्यावर मोकळी जागा आहे, तिथे मालाचे ट्रक उभे राहतात. दुसऱ्या अंगाला, भिंतीच्या अगदी तोंडावर, तीन दुकानं: भावाचं इस्त्रीचं, एक किल्ल्या करणाऱ्याचं, एक शिंप्याचं. माझं घर गल्लीच्या टोकाला, भिंत संपते तिथून थोडं पुढे, आडवं, वरच्या मजल्यावर. माझ्या खोलीची एक खिडकी गल्लीकडे उघडते, पण ट्रकच्या धुळीपायी ती कायम बंद असायची.

उंच भिंतीखाली फोनला आभाळ दिसत नाही. विंगराणी भिंतीला हात लावून उभी असायची आणि तिचा निळा ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उड्या मारायचा. ॲप तिला सांगायचं, तुम्ही दूर आहात. पहिल्यांदा ती रडकुंडीला आली होती. मग तिला काम शिकवणाऱ्या जुन्या सर्व्हेवाल्याने, ज्याला सगळे मास्तर म्हणत, युक्ती सांगितली. गल्ली ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. तिथे ठिपका बरोब्बर वर्तुळात येऊन बसतो. का येतो, ते मास्तरांनाही माहीत नव्हतं. "फोनला पटलं ना? मग आपल्यालाही पटलं," ते म्हणाले.

ती पायरी नेमकी तिच्या भावाच्या दुकानाची. त्याला तर निमित्तच मिळालं.

"आल्या का नगरपालिका! बसा. मोबाइलला चहा सांगू?"

"तुझी इस्त्री सांभाळ, सदऱ्याची बाही जळतेय."

"मी बाह्या जाळतो आणि तू दगडांचे फोटो काढतेस. बाबांनी पडदे ओढले. घराण्यात एकाला धड काम मिळालं असेल तर शप्पथ."

ती हसायची, पायरीवर उभं राहून समोरच्या भिंतीचा फोटो काढायची, 'जैसे थे' निवडायची आणि पुढच्या भिंतीकडे जायची. काही खोटं करतोय असं तिच्या मनातही नव्हतं. मागचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून बघा: तेच दगड, तीच फट, काडीचा फरक नाही. पाणी निथळायला भिंतीत भोकं ठेवलेली असतात, तीही कोरडी ठणठणीत. तिला वाटायचं, बरंच आहे.

एका दुपारी काम संपवून ती माझ्याकडे आली. खोलीत उकडत होतं, पंखा बंद पडला होता. "मावशी, धूळ येऊ दे, पण ही खिडकी उघड," म्हणत तिनेच खटका ओढला. मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले, तरी ती तशीच, खिडकीच्या चौकटीला धरून.

"काय गं? भूत बघितलंस का?"

तिने बोटाने बाहेर दाखवलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. गल्ली आमच्यासमोर सरळ लांब पडली होती, डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला दुकानं. भिंत समोरून मी हजारदा बघितली होती. बाजूने बघितली ती त्या दिवशी. मध्यावर तिला पोट सुटलं होतं. पोटाच्या वरचा भाग गल्लीत असा वाकलेला, जसं कुणी दाराआड लपून पुढे डोकं काढावं. आणि बरोबर त्याच्या खाली भाऊ कुणाची तरी चादर झटकत होता.

नाटकात कापडी भिंती असतात. अशी एखादी भिंत प्रेक्षकांकडे झुकली तर प्रेक्षकांना कधीच कळत नाही. समोरून ती सरळच दिसते, अंगावर येईपर्यंत. कळतं ते विंगेतल्या माणसाला.

"मावशी," विंगराणी हलक्या आवाजात म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी हिचे फोटो समोरून काढलेत."

"आणि ती भोकं?"

"पाणी आत साठत असणार. बाहेर यायची वाटच राहिली नाही."

तिने खिडकीतून फोटो काढला, 'धोका' निवडला. ॲप म्हणालं, तुम्ही ठिकाणापासून दूर आहात. ती धावत खाली गेली, भिंतीशी उभी राहिली. दूर आहात. मग पायरीवर गेली. तिथे ॲप लगेच कबूल, पण खिडकीतला फोटो घेईना. तिथेच काढलेला फोटो हवा म्हणे. तिथे काढलेला फोटो म्हणजे पुन्हा तीच सरळ, शहाणी भिंत. त्याच फोटोवर तिने 'धोका' पाठवला. नगरपालिकेतल्या साहेबांच्या ऑफिसातून उत्तर आलं: 'फोटोशी नोंद जुळत नाही. दुरुस्त करा.'

भावाने ऐकून घेतलं आणि इस्त्रीवर पाण्याचा शिंतोडा मारला. "बाबांच्या आधीपासून उभी आहे ती. तुझ्या मोबाइलला विचारून उभी नाही राहिली."

"एकदा मावशीच्या खिडकीतून बघून ये."

"गिऱ्हाईक सोडून? ताई, वेड लागलंय तुला."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे निघाली. मी बरोबर गेले. म्हातारीला कुठल्याच ऑफिसात कुणी दारात अडवत नाही, हा वयाचा एक फायदा. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, फोनमधला फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "बाजूने काढलं की सगळंच तिरकं दिसतं हो, बाई." मग त्याने पडद्यावर नकाशा उघडला. आमच्या गल्लीतला ठिपका हिरवागार. त्याच्या मागच्या सगळ्या नोंदी त्याने एकीखाली एक दाखवल्या. "ही सगळी 'जैसे थे' तुमच्याच नावाची ना? गेल्याच खेपेला भिंत ठणठणीत होती. आता एका खेपेत कोसळायला निघाली? यातलं खरं काय धरू?"

बाकीच्या टेबलांवरच्या माना इकडे वळल्या. कोपऱ्यात मास्तर बसले होते. त्यांनी मान खाली घालून पेनाचं टोपण शोधायला सुरुवात केली. टोपण पेनालाच होतं.

मला कळलं, आता तिला एकच वाट उरली आहे. शेवटची नोंद खरी ठरायला आधीच्या सगळ्या खोट्या ठरवाव्या लागणार. आणि त्या तिच्याच होत्या.

"आधीच्या चुकीच्या धरा, साहेब," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल इतका स्पष्ट. "मी भिंतीजवळ उभी नव्हते. समोरच्या पायरीवर होते. तिथेच ॲप नोंद घेतं."

"म्हणजे तुम्ही पाहणी केलीच नाही?"

"जेवढी पायरीवरून दिसते तेवढी केली."

साहेबाने चष्मा काढला. नकाशा लहान करून त्याने सगळं गाव पडद्यावर आणलं. गावभर हिरवे ठिपके पसरले होते, टेकडीच्या पायथ्याला माळ घातल्यासारखे. मग त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला उत्तर नको होतं हे मला दिसलं, "ही एकच भिंत, की...?"

"जिथे भिंत उंच आहे, तिथे फोनला पटणारी एक जागा असतेच, साहेब. कुठे पायरी, कुठे ओटा. प्रत्येकाला आपापली माहीत आहे."

कुणीही नाही म्हटलं नाही. मास्तरांना टोपण सापडलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधली गेली, 'प्रवेश बंद' अशी पाटी लागली आणि तज्ज्ञ येऊन तपासतील असं सांगितलं गेलं. विंगराणीचं कंत्राट त्याच आठवड्यात संपवण्यात आलं. कारण लिहिलं होतं, चुकीच्या नोंदी. त्यातही खोटं काही नव्हतं.

तज्ज्ञ काही आले नाहीत. म्हणे, आधी बाकीच्या भिंती बघायच्या आहेत. वरचे ट्रक हलले नाहीत, ती जागा दुसऱ्या खात्याची. उन्हं कडक होती, भिंत जागची हलली नाही. मग आधी किल्लीवाला दोरीखालून वाकून आत गेला, त्याच्यामागून शिंपी गेला. बायका विंगराणीला बघून म्हणायला लागल्या, "हिच्यापायी पोटावर पाय आला लोकांच्या." आणि एका सकाळी मी खिडकी उघडली तर भावाच्या दुकानातून वाफ निघत होती.

ती त्याच्याशी भांडली नाही. दोरीखालून आत गेली, दुकानात शिरली, खुंटीवरची दुसरी इस्त्री उतरवली आणि कपड्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

"हे काय?" भाऊ म्हणाला.

"नोकरी गेली. बसून काय करू? तुला हाताखाली माणूस हवंच होतं."

"घरी जा, ताई."

"का? भिंत बाबांच्या आधीपासून उभी आहे ना?"

त्याने पुढचा सदरा ओढला. ती विजारींच्या घड्या घालू लागली, त्याच्यापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशीही आली. वरून मधूनच बारीक खडी टपटपायची, पत्र्यावर कुणी मूठभर ज्वारी टाकावी तशी. ती दोघंही वर बघायची नाहीत. मी खिडकीत बसून बघत असायचे. हात जोडून बसायचे असं म्हणेन, पण खरं तर खिडकीची कड घट्ट धरलेली असायची.

तिसऱ्या सकाळी ती म्हणाली, "उद्यापासून आईलाही आणते. घरी एकटी कंटाळते. ती बटणं लावेल."

भावाने इस्त्री टेबलावर आपटली. "नाटकवाल्यांच्यात वाढलीस तू! आईला आणते म्हणे! या वयात तिला इथे..."

तो तिथेच थांबला. वाक्य पूर्ण केलं असतं तर भिंतीबद्दलचं सगळं कबूल झालं असतं. त्याने खाली बघितलं, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि म्हणाला, "जागा आहे का कुठे? रस्त्यावर टेबल लावू?"

मी वरून ओरडले. गेल्या कित्येक वर्षांत एवढा मोठा आवाज लावला नव्हता. "माझी बाहेरची खोली रिकामी आहे रे मेल्या! भाडं नको, माझी पातळं तेवढी कडक करून दे!"

टेबल आणताना दाराची चौकट सोलवटली. आता माझ्या खोलीत दिवसभर गरम कापडाचा वास असतो. भावाबहिणीची कुरबूर सुरू असते, आणि त्यांची आई एका खुर्चीत बसून दोघांनाही टोमणे मारते. विंगराणी अजून घड्या वाकड्याच घालते. साहेबाच्या ऑफिसातून तिला बोलावणं आलं होतं, कुठकुठल्या पायऱ्या आहेत ते सांगायला. ती गेली, सगळ्या सांगून आली. पगाराचा विषय कुणी काढला नाही.

किल्लीवाला आणि शिंपी अजून दोरीखालून आत जातात. मी दोघांनाही खोली देऊ केली, ते हसतात. आम्ही खिडकी उघडी ठेवतो. दर सकाळी विंगराणी तिथे थोडा वेळ उभी राहते, काहीच न बोलता कामाला लागते, आणि ती बोलली नाही की आम्हीही विचारत नाही. काल मात्र तिने खिडकीतून किल्लीवाल्याला बाहेर ये म्हणून हाक मारली, तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्याने हात हलवला आणि पुन्हा कानस घासू लागला.

भाऊ तेव्हा खिडकीपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने भिंत बाजूने अजून एकदाही बघितलेली नाही. सदरा पसरून तो त्यावर पुन्हा पुन्हा तीच इस्त्री फिरवत राहिला. बाहेर खडी पडायची थांबली होती, आणि ते थांबणं आम्हा चौघांनाही ऐकू येत होतं.