डावा ब्रेक

काल दुबईत अल कुसैसच्या दुकानात मुलीला सायकल घेतली. ब्रेक समजावायला गेलो तर म्हणाली, “बाबा, आय नो!” ते ऐकलं आणि मला फुजैराचा तो उतार आठवला.

अठ्ठ्याण्णव साल असेल. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर इंजिनियर होतो. आमचे फ्रेंच मॅनेजर दर शुक्रवारी सकाळी डोंगरातल्या रस्त्याने रमतगमत सायकल चालवायचे. एकदा मलाही नेलं, त्यांची दुसरी सायकल देऊन. निघताना म्हणाले, “ब्रेक एकदा बघून घे.”

“सर, मी अख्खं कॉलेज सायकलवर केलंय!”

आपल्याकडे डावा ब्रेक मागच्या चाकाला असतो. त्यांच्या सायकलीला तो पुढच्या चाकाला होता. उतारावर मी सवयीने डावा दाबला आणि मागचं चाक हवेत उचललं गेलं. घाबरून ब्रेक सोडला. आता वेग वाढत चालला, कानात वारा घोंगावत होता आणि पुन्हा ब्रेकला हात लावायची हिंमत होईना. समोरून खडीचा ट्रक चढत होता. ड्रायव्हर हॉर्न दाबून ओरडला, “मरना है क्या?” मी हँडल वळवलं आणि कडेच्या वाळूत जाऊन आदळलो.

सर धावत आले. माझ्या तळहातात रुतलेले खडे काढताना ते फ्रेंचमध्ये सारखं काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, महागड्या सायकलीची काळजी लागलीय. मी हात सोडवून घेतला आणि आधी सायकल उचलून दाखवली, “सर, काही झालेलं नाही तिला.”

इतक्या वर्षांनी आता लक्षात येतं, त्यांनी सायकलीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.