पदराबिगर हसू

शिरूरमध्येच दातांना तारा बसवणारे डॉक्टर मिळाले, त्यामुळं पुण्याची खेप वाचली. पण माझी लेक दवाखान्याच्या दारातूनच माघारी फिरायच्या बेतात होती. "शाळेत चिडवतील," एवढंच ती म्हणत होती.

बाकावर आमच्या शेजारी चाळिशीची एक बाई होती. कारेगावला कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते म्हणाली. बोलता बोलता ती हसली आणि तिच्याच दातांवर तारा चमकल्या. हसताना तिचा हात सवयीनं पदराकडं जाई आणि तोंडाशी पोचायच्या आधीच ती तो खाली घेई.

"दुखतं का, मावशी?" लेकीनं विचारलं.

"दुखतं की. तार आवळली की भाकरी दुधात कुस्करून खायची." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सासूबाई म्हणल्या, या वयात दात कुणाला दाखवायचेत? म्हणलं, कुणालाच न्हाई. मला पदराबिगर हसायचंय."

तिला आतून बोलावणं आलं. उठताना तिनं ओठ ताणून लेकीला तारेवरची निळी रबरं दाखवली.

पुढं ती मला कधी दिसली नाही. त्या दिवशी आमची पाळी आली, तेव्हा मी पर्स सावरून उठेपर्यंत लेक आत खुर्चीवर जाऊन बसली होती, तोंड उघडून.