सेंगमलम अक्काचा लाल बिल्ला

सेंगमलम अक्काच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की शिलाई मशीनसुद्धा लाजतं. तमिळनाडूत, करूरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. टॉवेलच्या कोपऱ्याला हिरवं लेबल शिवायचं, एवढंच तिचं काम. परदेशातल्या लोकांसाठी त्यावर लिहिलेलं असतं की हा टॉवेल शिवणाऱ्यांना इथं मानानं वागवलं जातं. अक्काला वाचता येत नाही. मी एकदा वाचून दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं बाई सांगितलंस! मला कळलंच नव्हतं."

मानाचं म्हणाल, तर आमच्या लाईनचा मान एका खिळ्याला टांगलेला असायचा. लाल रंगाचा लाकडी बिल्ला. संडासला जायचं तर तो घेऊन जायचं, आल्यावर परत टांगायचा. लाईनभर बायका आणि बिल्ला एकच. खिळा सुपरवायझर वेलुसामी अण्णाच्या डोक्यामागे, म्हणजे दर वेळी त्या मेल्याच्या तोंडाकडे बघूनच जायचं. म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. घरून भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच परत जायची.

अक्काला साखरेचा आजार. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तिला झापलं होतं, "पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंडं जातील." आणि वेलुसामी म्हणाला होता, "म्हातारे, सकाळच्या पाळीत पुन्हा बिल्ल्याला हात लावलास तर उद्यापासून घरीच बस." पाणी प्यावं तर नोकरी जाते, न प्यावं तर जीव. अक्का हसून म्हणायची, "नवऱ्यानं सुद्धा इतकं बांधून ठेवलं नव्हतं गं."

मग ऑडिटचा दिवस उजाडला. हिरव्या लेबलाचं सर्टिफिकेट पुढं चालू ठेवायचं की नाही, ते बघायला बंगळुराहून बाई येणार होती. मॅनेजर सर देव पाण्यात घालून बसले होते. आगीच्या बादल्या रंगवल्या, संडासात गुलाबी साबण आला. साबण! आम्ही आळीपाळीनं जाऊन त्याचा वास घेऊन आलो. आम्हाला घोकून घेतलं होतं, "बिल्ला? कसला बिल्ला? आमच्याकडे नाही बुवा." सगळ्या लाईनींचे बिल्ले वेलुसामीच्या ड्रॉवरमध्ये गेले. फक्त आमच्या लाईनचा बिल्ला खिळ्यावर नव्हता.

"कुणाकडे आहे?" वेलुसामी किंचाळला.

कुणाकडे असणार! अक्का संडासात होती. आणि तेवढ्यात गाडी आली, ठरल्या वेळेच्या आधीच. बाई उतरली ती तडक संडासाकडे. लांबचा प्रवास, तिलाही लागलेलीच असणार की. आमची पाचावर धारण बसली.

दोघी बरोबरच बाहेर आल्या. बाईच्या हाताला गुलाबी साबणाचा वास, अक्काच्या हातात लाल बिल्ला.

"हे काय आहे?" बाईनं तोडक्यामोडक्या तमिळमध्ये विचारलं.

मॅनेजर सर मध्ये पडले. "ते... ते पूजेचं आहे, मॅडम."

अक्कानं आमच्याकडे बघितलं. आम्ही डोळ्यांनीच हात जोडले. सर्टिफिकेट गेलं तर ऑर्डर जाणार, आणि ऑर्डर गेली तर चूल. गप बस गं माझे आई, असं मी मनात म्हणत होते.

"हो, पूजेचंच," अक्का म्हणाली. "आमच्या लाईनचं कुलदैवत आहे. याचा कौल मिळाल्याशिवाय आम्हा बायकांना मुतता येत नाही. हे अण्णा पुजारी. फार कडक आहेत हो!"

बाईला आधी हसू फुटलं. मग तिनं वेलुसामीला ड्रॉवर उघडायला लावला. आत सगळी दैवतं एका ओळीत निजली होती. तिचं हसू तिथंच आटलं. "हे सगळं आजच्या आज बंद," ती सरांना म्हणाली. "मी पुन्हा येईन, न सांगता. तोवर सही नाही."

गाडी गेल्यावर आम्ही अक्कावर तुटून पडलो. मी तर म्हणाले, "ऑर्डर गेली ना, तर तुझ्याच घरी जेवायला येईन!"

"ये की. वांग्याचं सांबार करते," ती म्हणाली. एवढंच. पण पुढचं लेबल तिनं उलटं शिवलं, मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी खिळा उपटलेला होता, भिंतीला नुसतं भोक. ऐन उन्हात पंखे गरम हवा ढवळत होते. अक्कानं मशीन थांबवलं, बाटली काढली आणि वेलुसामीच्या डोळ्यांदेखत मान मागं टाकून वरून घटाघटा पाणी प्यायली. गळ्यावरून ओघळ पदरात गेला, तरी थांबली नाही. वेलुसामीनं तोंड उघडलं, मागं वळून भिंतीकडे बघितलं आणि मिटलं.

अक्का उठली, कुणाला न विचारता सावकाश जाऊन आली. येताना नळावरून बाटली पुन्हा भरून आणली आणि माझ्यापुढं धरली.

"पी गं," ती म्हणाली. "भांडण नंतर कर."

मी बाटली घेतली. घसा किती कोरडा आहे, हे पहिला घोट गेल्यावरच कळलं.